राखेतल्या गोळ्या

जाईबाईच्या हाताला बियाण्याची जाण होती. मोर्शीच्या रस्त्यावरच्या त्या गावात हे कुणी नाकारलं नसतं. तिच्याशी ज्यांचं पटत नव्हतं त्यांनीही नाही. ज्वारी, तूर, मूग, अंबाडी, वाळकाच्या बिया, काहीही द्या. ती ते सुपात घोळायची, कडक उन्हात घालायची, चुलीतली राख चाळून घ्यायची आणि मडक्यात राखेचा एक थर, बियांचा एक थर, मधूनमधून कडुलिंबाचा सुका पाला, असं भरत जायची. वर थाळी ठेवून शेणामातीनं तोंड लिंपलं की मडकं बंद. ते उघडायचं पेरणीच्या तोंडावर. मधे घरात दाणा नसला, पोट कळवळलं, तरी त्या मडक्याला हात लावायचा नाही, हा तिचा कायदा होता आणि तो तिनं आधी स्वतःला लावला होता.

एकाच मडक्यात ती चार प्रकारचं बी भरायची. बघणाऱ्याला वाटायचं, आता ही हे निवडणार कसं? जाईबाई डोळे मिटून राखेत हात घालायची आणि बोटांनीच सांगायची, ही अंबाडी, हे तीळ, ही भेंडी. बी आपली ओळख अंगावरच घेऊन येतं, असं ती म्हणायची. गावातले मोठे शेतकरी खुशालराव, त्यांच्या घरचं बियाणंही तीच भरून द्यायची, गोठ्याच्या ओट्यावर बसून. तिच्या हातचं बी त्या घराला चालायचं, तिच्या हातचं पाणी चालायचं नाही. असं का, हे खुशालरावांना कुणी विचारलं नाही आणि विचारलं असतं तर त्यांनाही सांगता आलं नसतं.

घरात नवरा श्रावण, तोही मजुरीवरच जाणारा. मुलगा देवमन अमरावतीला वसतिगृहात राहून शिकत होता. आणि भिंतीला भिंत लावून धाकटी बहीण भागीरथा राहायची. ती लवकर विधवा झाली, मूलबाळ नव्हतं, म्हणून बहिणीच्या सावलीला आलेली. खरं तर जाईबाई तिची बहीण कमी आणि आईच जास्त. अठरा सालच्या मानमोडीच्या साथीत आई, बाप आणि दोन भाऊ एका आठवड्यात गेले तेव्हा जाई दहा वर्षांची होती आणि भागीरथा तिच्या कडेवर. त्या दिवसांत कुणी सरकारी माणूस चावडीपुढं औषध वाटायला आला होता. यांच्या वस्तीची रांग सगळ्यांत शेवटी. जाई बहिणीला कडेवर घेऊन उभी राहिली, उन्हात, पाय भाजत. तिच्या पुढच्या बाईपर्यंत औषध पुरलं. मग त्या माणसानं बाटली उलटी करून दाखवली आणि म्हणाला, औषध संपलं. ती घरी पोचली तेव्हा आई गेलेली होती. पुढं आयुष्यात जाईबाईला पुष्कळ काही ऐकून घ्यावं लागलं, पण त्या दोन शब्दांची धास्ती तिच्या मनातून कधी गेली नाही.

सत्तावन्न सालचा उन्हाळा सरता सरता बाजारात बातमी आली की जहाजातून एक नवा ताप देशात उतरला आहे. मद्रासला, मुंबईला घरंच्या घरं अंथरूण धरत आहेत. पेपर वाचणारे त्याला फ्लू म्हणायचे. म्हातारे कपाळाला हात लावून म्हणायचे, मानमोडी परत आली.

गावातल्या बायकांनी मरीमायकडं नारळ नेले. जाईबाईनं मात्र आदल्याच दसऱ्याला नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती आणि घरातली देवी नाल्यात सोडली होती. देवी सोडली म्हणून ताप थोडाच सोडणार होता? आता करायचं काय, हे तिला उमजेना. नवस नाही, अंगारा नाही, तर उरलं फक्त औषध. आणि ताप आल्यावर औषधाला जावं, तर ते संपलेलं असणार, याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. म्हणून तिनं तापाच्या आधीच औषध आणायचं ठरवलं.

बाजारगावात सरकारी दवाखाना होता. दर बाजाराच्या दिवशी जाईबाई काखेत कांदा दाबून, डोक्यावर लुगड्याचा पदर ओढून रांगेत बसायला लागली. कांद्यानं अंग तापतं, हे तिला कुणी सांगितलं होतं देव जाणे. तिथला कंपाउंडर मोतीराम खिडकीतून मान वर न करता विचारायचा, "नाव?"

"जाईबाई."

"काय होते?"

"अंगात कणकण हाय."

पुडी मिळायची. पुढच्या बाजाराला दुसरं दुखणं. मोतीराम ओळखेल असं वाटलं त्या दिवशी तिनं नाव सांगितलं, "भागीरथा." आणि त्याच्या पुढच्या खेपेला खुद्द भागीरथेलाच पुढं ढकललं. भागीरथेला हसू आवरेना.

"बाई वं, मले काई झालं नाई तं मी त्याले सांगू काय?"

"डोकं दुखते म्हण. डोक्यात कोण जाऊन पाहते?"

"अन् तुह्याच्यानं मी खोटं काहून बोलू?"

"तुह्यासाठीच जमवून राहिली मी हे सारं," जाईबाई म्हणाली, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

शेजारच्या दुर्गाबाईनं ही युक्ती पाहिली आणि तीही कांदा घेऊन निघाली. मग तिची जाऊ, मग आणखी दोघीचौघी. बघता बघता गावातल्या निम्म्या चुलींमागं पुड्या जमल्या. पोटदुखी सांगितली की जंताची गोळी, जळजळ सांगितली की सोड्याची, थंडी सांगितली की कुनैन, खोकला सांगितला की सल्फा. जाईबाईनं सगळीच दुखणी सांगितली. नवी मानमोडी कोणत्या दारातून येईल, काय सांगावं? बियाणं भरून दिलं म्हणून खुशालरावांच्या बायकोनं, सुभद्राबाईंनी, ज्वारीबरोबर मूठभर गोळ्याही वरून पदरात टाकल्या. "मामंजी गेले, त्याइच्या उरल्या हायेत. फेकण्यापरीस तुले होतीन," असं त्या म्हणाल्या. कशाच्या, हे जाईबाईनं विचारलं. काळजाच्या, असं उत्तर आलं. काळीज तर सगळ्यांनाच असतं, असा विचार करून तिनं त्याही ठेवल्या.

प्रत्येक पुडीवर मोतीराम पेन्सिलीनं काहीतरी लिहायचा. जाईबाईला वाचता येत नव्हतं. शिवाय कागद ओल धरतो आणि बियाण्याला कागदाजवळ ठेवलं की बुरशी आलीच समजा, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. तिनं एकेक पुडी सोडली, कागद चुलीत घातले आणि गोळ्या मडक्यात भरल्या, राखेचा एक थर, गोळ्यांचा एक थर, मधून कडुलिंबाचा पाला. वर थाळी, शेणमाती, आणि मडकं बंद. श्रावण दारात बसून बघत होता. तो म्हणाला, "निवडशीन कशा?"

"आजवर कोणतं बी नाई निवडलं म्या?" ती म्हणाली.

पोळ्याच्या सुमाराला ताप गावात आला. पहिला श्रावणच पडला. अंग फुटतंय, डोळे तांबारले आहेत, घसा धरला आहे. जाईबाई मडक्यापुढं जाऊन उभी राहिली. हीच का ती? मानमोडीत माणूस तिसऱ्या दिवशी निळा पडायचा, आणि श्रावण तर दुसऱ्याच दिवशी भाकर मागत होता. मडकं एकदा फोडलं की त्याला हवा लागणार, मग खरा ताप आला तर काय उरणार? तिनं मडकं फोडलं नाही. चौथ्या दिवशी श्रावण निंदायला गेला.

मग दुर्गाबाई पडली. तिच्या पुड्या तिनं आधीच पोटदुखीला, डोकेदुखीला खाऊन संपवल्या होत्या. तिनं निरोप धाडला, एखादी गोळी असीन तं दे. जाईबाईनं कानावर हात ठेवले. "नाई वं, माह्याजोळ कोठच्या गोळ्या?" हे म्हणताना तिची तिलाच शरम वाटली. रात्रभर तिला वाटत राहिलं की दुर्गाबाई गेली तर ते आपल्या माथी. पण दुर्गाबाईही उठून बसली. वस्तीत घरोघर माणसं पडत होती आणि घरोघर उठत होती. नारळ वाहिलेलेही उठले, न वाहिलेलेही उठले, गोळी खाल्लेले आणि न खाल्लेले, सगळेच. जाईबाई चक्रावून गेली. ही साथ म्हणावी की काय म्हणावं? जिची एवढी तयारी केली ती हीच का दुसरी कुणी?

म्हणूनच भागीरथेला ताप आला तेव्हा जाईबाई निर्धास्त होती. ताप आला, चार दिवसांनी उतरला. भागीरथा न्हाली, भाकरी थापल्या, बहिणीला चिडवलंसुद्धा, "तुह्या मडक्यातलं बी आता कोठं पेरतं?" आणि दुसऱ्या दिवशी ताप परत चढला. या वेळी त्याची तऱ्हा वेगळी होती. छातीत सुरी चालल्यासारखी कळ, खोकला, आणि श्वास आखूड. ओठांना निळसर छटा आली. जाईबाईनं ते ओठ पाहिले आणि त्या धास्तीत तिला मडक्याचंही भान राहिलं नाही. हे तिनं पूर्वी पाहिलेलं होतं.

श्रावणनं खुशालरावांची बैलगाडी मागून आणली. गाडीत टाकून तिला बाजारगावात नेलं. मोतीराम आज मान वर करून बघत होता, पण नाव ऐकताच वैतागला.

"भागीरथा? तू तं दोन-तीनदा औषध नेलं. ते खाल्लं नाई का?"

भागीरथेनं बहिणीकडं पाहिलं.

"आता काईच नाई," मोतीराम म्हणाला. "सारा गाव येऊन पुड्या घेऊन गेला. औषध संपलं."

एवढ्यात डॉक्टर बाहेर आले. अमरावतीकडचे, तरुण, दोन रात्री न झोपलेले. त्यांनी भागीरथेच्या पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. "निमोनिया आहे," ते म्हणाले. "सल्फाच्या गोळ्या आत्ता सुरू करायला हव्यात. इंजेक्शन नाही, गोळ्या नाहीत. अमरावतीहून पेटी निघाली आहे, पण नाल्याला पूर आहे म्हणून मोटार पलीकडंच थांबली आहे. तिकडं न्यायलाही रस्ता नाही." आणि मग, जणू स्वतःशीच, "आज मिळाल्या तर बरं होतं."

जाईबाईचा चेहरा उजळला. त्या घटकेला तिला वाटलं की आपण आयुष्यभर जे केलं ते याच दिवसासाठी. रांगेत उन्हात उभी राहिलेली ती दहा वर्षांची पोर आता रिकाम्या हातानं घरी जाणार नव्हती. "हाय," ती म्हणाली. "माह्याजोळ हाय, डाक्टरसायेब. भरून मडकं हाय." आणि ती गावाकडं पळत सुटली. चिखलात चपला रुतल्या त्या तिनं तिथंच सोडल्या. घरी मडक्याची शेणमाती तिनं नखांनी खरवडली, आणि मडकं टोपलीत घालून, डोक्यावर घेऊन, धापा टाकत परत आली.

डॉक्टरांनी टेबलावर पेपर पसरला. तिनं मडकं उपडं केलं. राख उडाली, मोतीरामला ठसका लागला. राखेतून गोळ्या निघाल्या, पुष्कळ निघाल्या. सगळ्या पांढऱ्या. काही थोड्या मोठ्या, काही लहान, काही राखेनं करड्या पडलेल्या, काहींचा पावसाळी हवेनं भुगा झालेला.

डॉक्टर बघतच राहिले. "यांचे कागद कुठं आहेत?"

"कागद ओल धरते सायेब. जाळले म्या."

"मग यातली सल्फा कोणती?"

जाईबाई पुढं झाली. तिनं डोळे मिटले आणि ढिगात हात घातला. बोटं फिरली. गोल, गुळगुळीत, गोल, गुळगुळीत. अंबाडीला टोक असतं, भेंडीला डोळा असतो, तसं काहीतरी बोटांना लागेल म्हणून ती चाचपडत राहिली. बोटं काहीच सांगेनात. तिनं डोळे उघडले. मग एक गोळी जिभेला लावली, कुनैन कडू असतं एवढं तिला ठाऊक होतं. राखेची चव आली. दुसरी लावली. राखच. तिसरीलाही राख आणि कडुलिंब. सगळ्याच कडू, सगळ्याच खारट. ती एकेक लावत गेली, ओठ राखेनं भरले, शेवटी मोतीरामनं तिचा हात धरला.

डॉक्टरांनी दोन-चार गोळ्या बाजूला काढल्या, उजेडात धरल्या, पुन्हा ढिगात टाकल्या. "असं वाटतं की ह्या असतील. पण आमच्याकडंच पाच तऱ्हेच्या पांढऱ्या गोळ्या येतात. आणि ही? ही आमची नाही."

"सुभद्राबाईनं देल्ली. काळजाची हाय म्हणे."

डॉक्टरांनी हात मागं घेतला. "बाई, ह्या चुकून चार पोटात गेल्या तर मी काही करू शकणार नाही. मला यातली एकही देता येत नाही." त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच जाईबाईला सोसेना. ते रागावले असते तर काही विचारता तरी आलं असतं.

भागीरथा ओसरीवर घोंगडीवर पडली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. जाईबाई मूठभर गोळ्या घेऊन तिच्याजवळ बसली. डॉक्टर आत गेले होते.

"दे वं बाई," भागीरथा म्हणाली. एकेका शब्दाला तिला थांबावं लागत होतं. "कोणतीबी दे. तुह्या हातचं कदी वाया गेलं?"

जाईबाईनं एक गोळी उचलली, पदरानं पुसली आणि बहिणीच्या ओठांपाशी नेली. भागीरथेनं तोंड उघडलं, लहानपणी उघडायची तसं. ही सल्फा असली तर? ही काळजाची असली तर? द्यावी की न द्यावी? तिचा हात तिथंच थांबला. तिनं श्रावणकडं पाहिलं, तो खाली बघत होता. तिनं हात मागं घेतला. दुसरी गोळी उचलली. ती पहिलीसारखीच होती. भागीरथेनं तोंड मिटलं आणि बहिणीच्या मनगटावर हात ठेवला. "राहू दे," ती म्हणाली.

दिवस मावळायच्या आत भागीरथा गेली. दुसऱ्या दिवशी नाला उतरला आणि दुपारच्या मोटारीनं औषधाची पेटी आली.

त्यानंतर किती दिवस जाईबाईचं डोकं ठिकाणावर नव्हतं. ती बाजाराच्या दिवशी दवाखान्यात जाऊन बसायची. औषध मागायची नाही. गर्दी सरली की डॉक्टरांना विचारायची, "त्या ढिगात होती का व सायेब ती गोळी?"

"असणार."

"मंग देल्ली असती तं वाचली असती?"

"वाचलीही असती," डॉक्टर म्हणायचे. "कदाचित नसतीही. आजार वाढलेला होता." तो भला माणूस होता, त्याला खोटं बोलवेना. पण जाईबाईला एकच काहीतरी हवं होतं. तू मारलीस असं तरी कुणी म्हणावं, नाहीतर तुझा दोष नाही असं तरी म्हणावं. ही दोन्हीकडून ओढणारी गोष्ट घेऊन ती घरी यायची आणि चुलीपुढं नुसती बसून राहायची. दुर्गाबाई समजूत घालायला आली की जाईबाई तिच्याकडं टक लावून बघायची. हिला गोळी नाकारली आणि ही जगली. जिच्यासाठी राखून ठेवली ती गेली. याची संगती कशी लावायची, हे तिला कुणी सांगितलं नाही. ही गोष्ट सांगणाऱ्या मला विचारलं असतं तर मीही सांगू शकलो नसतो, आणि जे तिला लोभी म्हणाले त्यांच्या तोंडी मी लागलो नाही इतकंच.

पुढच्या वर्षी सुभद्राबाईंनी बियाणं भरायला बोलावलं तेव्हा ती गेली नाही. "बोटाले आता समजत नाई," एवढंच म्हणाली. लोकांना ते नखरे वाटले.

काही वर्षांनी श्रावण वारला. देवमनला अकोल्यात सरकारी कचेरीत नोकरी लागली होती, तो आईला घेऊन गेला. त्याची बायको शालू शिकलेली, हाताची स्वच्छ, बोलायला मोकळी. सासू कधी फारसं बोलत नाही, नातवंडांना गोष्टी सांगत नाही, याचं तिला कोडं होतं. एकदा देवमनला ताप आला, दवाखान्यातून गोळ्या आणल्या, दोन दिवसांत तो बरा झाला. उरलेल्या गोळ्यांची पुडी शालूनं मिसळणाच्या डब्यामागं सारली.

जाईबाईनं ते पाहिलं. "ते काय ठेवून राहिली?"

"गोळ्या उरल्या, माय. असू द्या, घरात कदी लागल्या तं."

जाईबाईनं पुडी काढून घेतली. शालू काही विचारायच्या आत ती चप्पल घालून बाहेर पडली. अकोल्याचे रस्ते तिला नीट ठाऊक नव्हते, विचारत विचारत ती दवाखान्यापर्यंत गेली आणि रांगेत उभी राहिली. रांग लांब होती. तिच्या मागं एक बाई कडेवर तापलेलं मूल घेऊन उभी होती, जाईबाई पुन्हा पुन्हा वळून त्या मुलाच्या ओठांकडं बघत होती.

खिडकीत पोचली तेव्हा आतल्या कंपाउंडरनं मान वर न करता विचारलं, "नाव?"

"भागीरथा," ती म्हणाली. जिभेवर तेच आलं.

"काय होतं?"

"काई नाई होत. उरल्या त्या आणून देऊन राहिली."

त्यानं आता मान वर केली. पांढऱ्या केसांची म्हातारी खिडकीच्या फळीवर एक पुडी ठेवत होती. "आजी, दिलेलं औषध आम्ही परत घेत नाही."

"घ्या बापू," जाईबाई म्हणाली. तिनं पुडी त्याच्याकडं सरकवली, पेन्सिलीनं लिहिलेली बाजू वर करून. "कागद फेकला नाई म्या. पाहा, कायची हाय ते लिवेल हाय."